वसुधारेचे घड्याळ

माणा गावात रात्र काढली की अलकनंदेचे दोन वेगळे आवाज ऐकू येतात. पहाटे पाचला दार उघडून बाहेर आलात तर नदी हलक्या आवाजात वाहत असते, दगडांवरून पाणी घसरल्याचा खळखळाट निराळा ओळखू येतो. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला त्याच ओट्यावर बसा. आता खळखळाट उरलेला नसतो. एकसारखा, जड घोष ऐकू येतो आणि मधूनच तळाशी मोठा धोंडा गडगडल्याचा धमाका होतो. मधल्या बारा तासांत पावसाचा थेंबही पडलेला नसतो.

याचे कारण वर आहे, सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्यांवर आणि दरीच्या दोन्ही अंगांच्या बर्फावर. रात्रीच्या थंडीने तिथले वितळणे मंदावते, दिवसाच्या उन्हाने वाढते. वितळलेले पाणी बर्फाच्या भेगांतून आणि दगडगोट्यांच्या ढिगांतून वाट काढत खाली येते. त्याला वेळ लागतो, म्हणून ऊन भर दुपारी कडक असले तरी पाण्याचा फुगवटा दुपार उलटल्यावर येतो. आवाजातला हा फरक एकदा कानात बसला की वसुधारा धबधब्याच्या वाटेचे निम्मे नियोजन झाले, असे मी मानतो.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे सहज पचत नाही. आपल्याकडे धबधबा म्हणजे आषाढ-श्रावण. वरच्या पठारावर पाऊस कोसळला की ओढा फुगतो, पाऊस थांबला की उतरतो, आणि दिवाळीनंतर कड्यावर काळा ओघळ तेवढा उरतो. म्हणून आपली नजर ढगांवर असते. आभाळ मोकळे असले की आपण निर्धास्त होतो. हिमालयात जून महिन्यात स्वच्छ निळे आभाळ आणि लख्ख ऊन हेच पाणी वाढण्याचे लक्षण असते. चांगल्या हवेच्या दिवशी तिथला ओढा अधिक धोक्याचा होतो. वीस वर्षे डोंगर चढलेली मराठी मंडळी इथे चकतात. त्यांच्यात कमी काहीच नसते, त्यांची सवय वेगळ्या पाण्याची असते एवढेच.

वसुधारा बद्रीनाथच्या पुढे, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे. बद्रीनाथची उंची सुमारे ३१०० मीटर. तिथून तीन किलोमीटरवर माणा, तिबेटच्या बाजूचे आपले शेवटचे गाव. हल्ली तिथल्या पाटीवर ‘पहिले गाव’ असे लिहितात, आणि मला ते बरे वाटते. माण्यापासून धबधब्याचा पायथा साडेपाच ते सहा किलोमीटर, उंची ३६०० मीटरच्या थोडी वर. कड्यावरून पाणी सुमारे १२० मीटर, म्हणजे चारशे फूट खाली येते. अष्टवसूंनी इथे तप केले अशी कथा आहे, त्यावरून हे नाव. पांडव महाप्रस्थानाला याच दरीतून गेले असे मानतात, म्हणून वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक दगडाला महाभारतातले काहीतरी चिकटलेले आहे.

आपण सहलीची आखणी घरापासून सुरू करतो. रजा किती, रेल्वेचे आरक्षण कधीचे, हॉटेल कुठले. धबधबा यादीत शेवटी येतो आणि उरलेल्या वेळात त्याला बसवतात. अशा वाटेची आखणी उलट, टोकाकडून घराकडे करावी लागते. धबधब्याखाली कोणत्या वेळी उभे राहायचे, ते आधी ठरवायचे. मग माणा कधी सोडायचे, त्याआधी किती रात्री उंचीवर काढायच्या, त्यासाठी हृषीकेश कधी सोडायचे, असे करत तिकीट सर्वांत शेवटी. या क्रमाने जे दिवस निघतील ते रजेत बसत नसतील तर त्या वर्षी वसुधारा सोडून द्यावी, बद्रीनाथ-माणा पाहून परतावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

वेळेचा हिशेब करायला एक जुने सूत्र आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली ते मांडले. दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात, पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. माणा ते वसुधारा सहा किलोमीटर धरले तर सव्वा तास, आणि साडेचारशे मीटर चढाचा पाऊण तास. एकूण दोन तास. कागदावर हे फार सोपे दिसते. पण नेस्मिथने हे सूत्र स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी बांधले, आणि तिथला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटरचा आहे. ३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. मुंबई-पुण्याहून गेलेल्या, चार दिवस उंचीवर काढलेल्या माणसाने इथे दोन तासांचे तीन धरावेत, गटात लहान मुले किंवा ज्येष्ठ असतील तर साडेतीन.

त्यावरून पुढचे निघते. ओढे सकाळी उतरलेले असतात आणि वारा बारानंतर जोर धरतो, तेव्हा नऊच्या सुमारास पायथ्याशी असावे. म्हणजे माणा पावणेसहाला सोडायचे. आणि अकरा वाजता परत फिरायचे. ही अकराची वेळ आदल्या रात्री सर्वांसमोर ठरवून टाकावी, आणि अकराला धबधबा दोनशे पावलांवर असला तरी मागे वळावे. जाताना सहज ओलांडलेला ओढा येताना तसा राहत नाही, हे त्यामागचे कारण. सकाळचा ओढा पाहून मनात त्याचे जे चित्र बसते, त्यावर परतीचा भरवसा ठेवला की माणूस अडकतो.

आता उंचीचे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

पहिल्या खेपेला आम्ही सात जण होतो. पहाटे हरिद्वारहून निघालो, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत, वाटेत फारसे न थांबता रात्री बद्रीनाथ गाठले. तीनशे मीटरवरून तीन हजारांवर, एका दिवसात. दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच माणा सोडले. गटात एक काका होते, साठीच्या पुढचे, रोज पहाटे पर्वती चढणारे. आमच्यात सर्वांत काटक तेच. वाटेवरचा भीमपूल ओलांडून तासभर झाला आणि काका एका दगडावर बुटाची नाडी बांधायला बसले. मी पुढे गेलो, मागे पाहिले, ते अजून बसलेलेच. परत आलो. काका नाडीचे दोन पदर हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. गाठ मारायला जायचे, पदर सुटायचा, पुन्हा तेच. मी विचारले, “काका, डोकं दुखतंय का?” ते म्हणाले, “कालपासून दुखतंय रे, पण तुम्हा मुलांचा विरस नको.”

धबधबा समोर दिसत होता, कड्यावर पांढरी रेघ ओढल्यासारखा. आम्ही दोघांनी काकांना दोन्ही बाजूंनी धरले आणि सगळेच मागे फिरलो. माण्याहून गाडी करून दुपारीच जोशीमठला, म्हणजे १९०० मीटरच्या आसपास, खाली आणले. संध्याकाळी त्यांनी आपणहून चहा मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आदल्या रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सारले होते. ते मी पाहिले होते, आणि प्रवासाचा शीण असेल म्हणून सोडून दिले होते.

डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणे, झोप न लागणे, गरगरणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. साधारण २५०० मीटरच्या वर ती दिसू लागतात. चढण्याचा सराव असला म्हणून ती टळत नाहीत. उलट काटक माणूस भराभर चढतो आणि त्रास अंगावर काढतो. ही लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही, एवढे पाळले तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण चालताना तोल जाणे, हाताची साधी कामे न जमणे, असंबद्ध बोलणे दिसले तर मेंदूला सूज येऊ लागल्याची शंका घ्यावी. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला हे फुप्फुसात पाणी साठत असल्याचे लक्षण. या दोन्हींत रात्र उजाडायची वाट पाहायची नसते, ताबडतोब खाली उतरवायचे असते. तोल तपासायची सोपी रीत आहे. जमिनीवर सरळ रेघ ओढायची आणि टाचेला बोटे लावत दहा पावले चालायला सांगायचे. निरोगी माणूस सहज चालतो.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दर दिवशी पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. या वाटेवर त्याचा सरळ अर्थ असा: एक रात्र जोशीमठला, शक्य असल्यास दोन. मग दोन रात्री बद्रीनाथला. त्यातल्या मधल्या दिवशी चरणपादुका या ठिकाणाच्या बाजूला थोडे वर चढून खाली झोपायला यायचे. अ‍ॅसेटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि गटाच्या म्होरक्याने रोज रात्री प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे, डोके कसे आहे, जेवलास का. आपली माणसे दुसऱ्याचा विरस नको म्हणून दुखणे लपवतात. हा आपला चांगुलपणा खालच्या जगात चालतो, डोंगरात तो महागात पडतो.

ऋतूची निवड देऊळच करते. बद्रीनाथचे दरवाजे एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात उघडतात आणि नोव्हेंबरमध्ये बंद होतात. त्यासोबत माणाही मिटते. इथले मारछा भोटिया लोक हिवाळ्यात चमोलीच्या खालच्या गावांत उतरतात. १९६२ पूर्वी यांचे पूर्वज माणा खिंडीतून तिबेटशी मीठ आणि लोकरीचा व्यापार करत. गाव रिकामे असताना हाकेला ओ द्यायला कोणी नसते, आणि तो काळ हिमस्खलनांचा. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माण्याजवळ सीमेवरच्या रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला आणि आठ जणांचा जीव गेला.

उरलेल्या महिन्यांत मे आणि जूनचा पूर्वार्ध हा भरल्या धारेचा काळ, पण वाटेवर बर्फाचे पट्टे पडून असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुरणे फुलांनी भरतात, मात्र खालचा रस्ता दरडींनी खिळखिळा होतो, विशेषतः जोशीमठच्या पुढचा लामबगडचा टप्पा. जून २०१३ च्या पुरात गोविंदघाट आणि लामबगडजवळ रस्ता वाहून गेला आणि बद्रीनाथला हजारो यात्रेकरू अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना काढावे लागले. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. माझी पसंती सप्टेंबरच्या उत्तरार्धाला. धार थोडी बारीक होते, पण आभाळ धुतल्यासारखे असते, बर्फ जवळजवळ नसतो, आणि ६५९६ मीटरचे नीलकंठ शिखर बद्रीनाथच्या मागे सकाळी सोन्याचे होते.

सामानाचे फार नखरे नकोत. हृषीकेशपेक्षा वसुधारेला हवा वीसेक अंशांनी थंड असते, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. एक जाड कोट घेण्याऐवजी पातळ कपड्यांचे तीन थर घालावेत, वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. चढताना काढता येतात, थांबले की चढवता येतात. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फिरतो, तेव्हा मे-जूनमध्ये काळा चष्मा हवाच. कानटोपी माण्यात घ्या. तिथल्या बायका दारात बसून विणत असतात आणि ती लोकर खरी उबदार असते. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या. उंचीवर भूक मरते, म्हणून आवडीचे आणि कोरडे हवे. माणा सोडल्यावर मोबाइलवर भिस्त ठेवू नये. उपग्रह फोन आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे, आणि हा तर सीमेलगतचा भाग. तेव्हा तुम्ही परतला नाहीत हे ज्याच्या लक्षात येईल असे माणूस माण्यात ठेवणे, हाच खरा उपाय. घरमालक, चहावाला, कोणीही. निघताना सांगायचे, आल्यावर कळवायचे.

पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलात वाचवा, पण माण्यातला वाटाड्या घ्या. कुठला बर्फाचा पूल आतून पोकळ झाला आहे, ते त्याला बघून कळते. असा पूल वरून पांढरीशुभ्र सपाट गादी दिसतो. खाली ओढा वाहत असतो आणि तो बर्फाला तळातून खात असतो. मध्ये बसका खड्डा दिसला, कडा काळपट आणि पातळ झाल्या, किंवा पायाखालून पाण्याचा आवाज स्पष्ट आला, तर त्यावर पाय ठेवायचा नाही. दुपारी तर चांगला दिसणाराही टाळायचा.

ओढा ओलांडताना अरुंद जागा शोधायचा मोह होतो. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. जिथे पात्र पसरट आहे तिथून जावे. बूट पायातच ठेवावेत, गार पाण्यात उघडे पाऊल दोन मिनिटांत बधिर होते. सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा, म्हणजे पडलो तर ती झटकन काढता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरावे, आणि उशीर करून परतताना तो ओढा वाटेत आला असेल तर काठावर बसून ते उतरण्याची वाट पाहावी. कधीकधी ती पहाटेपर्यंत पाहावी लागते.

वसुधारेच्या पुढे जायची ओढ अनेकांना लागते. भूर्जवृक्षांचे लक्ष्मीवन, कड्यावरून अनेक धारा सोडणारी सहस्रधारा, चक्रतीर्थ, आणि सुमारे ४६०० मीटरवरचे तिकोनी सतोपंथ ताल. तो मात्र तंबू, शिधा आणि भारवाहकांसह करायचा अनेक दिवसांचा प्रवास आहे, त्यासाठी प्रशासनाची आणि वनखात्याची परवानगी लागते. ४६०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळते, कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन हे दोन इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांसह सतोपंथ हिमनदी चढून पलीकडे केदारनाथच्या बाजूला उतरले. एकच पुजारी एके काळी बद्रीनाथ आणि केदारनाथ या दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी पूजा करीत असे, ही आख्यायिका त्यांच्या कानावर होती. प्रत्यक्षात पलीकडे भयानक हिमप्रपात निघाला, खाली दाट जंगल निघाले, शिधा संपला आणि ते बांबूच्या कोंबांवर जगले. ते कोंब अस्वलांनाही हवे होते. टिल्मन-शिप्टन यांच्या तोडीचे नियोजन करणारे गिर्यारोहक त्या काळात मोजकेच होते, हे लक्षात ठेवून पुढचा विचार करावा.

दुसऱ्या खेपेला मी चार रात्री उंचीवर काढून गेलो. काका बरोबर होते, त्यांनीच आग्रह धरला होता. पावणेनऊला आम्ही धारेखाली होतो, पण अगदी पायाशी गेलो नाही. रात्री दगडांच्या फटीत गोठलेले पाणी फुगून फटी रुंद करते, ऊन लागले की ते वितळते आणि सैल झालेले दगड सुटतात. धारेच्या वाटेने बर्फाचे तुकडेही येतात. पन्नास-साठ पावले लांब, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला बसलो.

पाप्याच्या अंगावर वसुधारेचे तुषार पडत नाहीत, अशी श्रद्धा आहे. तिथे बसल्यावर ती का उपजली ते कळते. पाणी कड्यावरून सुटते तेव्हा एक जाड दोर असतो, निम्म्यात तो विस्कटतो आणि खाली पोचेपर्यंत नुसता धुरळा उरतो. मिलिमीटरभर व्यासाचा थेंब हवेत सेकंदाला चारेक मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे एवढी उंची उतरायला त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. तेवढ्यात मंद वाराही त्याला शे-दीडशे मीटर दूर नेतो. वारा वळला की पडदा दरीभर सरकतो. शेजारी बसलेल्या दोघांतला एक भिजतो, दुसरा कोरडा राहतो. काकांच्या कपाळावर तुषार पडले तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मला वाऱ्याचे गणित पाठ होते, तरी माझेही हात जोडले गेले.

दहाच्या सुमारास खालून वर वारा सुरू झाला. दरीचे उतार तापले की हवा वर चढू लागते. पावणेअकराला वाटाड्याने सॅक पाठीवर घेतली. कोणी काही बोलले नाही, सगळे उठले.

वाटेतला एक ओढा सकाळी आम्ही दगडांवरून ओलांडला होता. मधल्या चपट्या दगडावर मी मुद्दाम क्षणभर थांबलो होतो, तो कोरडा होता, त्यावर पिवळसर दगडफूल होते. परतताना साडेअकराला मी तो शोधला. दगडफूल दिसत होते, वरून बोटभर पाणी वाहत होते.